भाद्रपदाआधीचे काम : पाळीव व मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण

भाद्रपद महिना आणि कुत्री यांचे नाते मराठी माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. श्रावणसरी ओसरू लागल्या, की कोल्हापूरच्या गल्लीबोळांतून आणि खेड्यांच्या पाणंदींतून कुत्र्यांचे घोळके दिसू लागतात व रात्री त्यांच्या भांडणांनी गाजू लागतात. मादीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली आणि गुऱ्हाळघरे सुरू झालेली असताना, चिपाडाच्या ढिगाच्या आडोशाला, शाळेच्या पडक्या भिंतीमागे, एस.टी. थांब्याच्या बाकाखाली चार-सहा पिल्ले डोळे मिटून पडलेली आढळतात. ग्रामसभेत, नगरपालिकेच्या बैठकीत आणि वर्तमानपत्रांतून कुत्र्यांच्या उपद्रवाविषयी तक्रार सुरू होते ती त्यानंतर. वास्तविक त्या वेळी करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. जे करावयाचे, ते भाद्रपदापूर्वी करावयाचे असते, आणि ते म्हणजे कुत्र्यांचे, विशेषतः माद्यांचे, निर्बीजीकरण.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे पावणेतेरा लाख भरली. देशभरातील संख्या सुमारे 1 कोटी 53 लाख होती. संख्या स्वतः रोग नव्हे. परंतु तिच्या पोटात रेबीजचा प्रश्न दडलेला आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के प्रकार कुत्र्यामुळे घडतात, आणि लक्षणे प्रकट झाल्यावर या रोगातून रोगी वाचत नाही, असेच धरून चालावे लागते. 2022-23 मध्ये देशातील अनेक राज्यांत करण्यात आलेल्या पाहणीवरून भारतात दरवर्षी सुमारे 5,700 माणसे रेबीजने दगावत असावीत, असा अंदाज बांधण्यात आला. पूर्वीचे अंदाज याच्या तिपटीहून अधिक होते. म्हणजे स्थिती सुधारत आहे. तथापि ज्या रोगावर प्रभावी लस उपलब्ध आहे, त्या रोगाने एवढी माणसे जावीत ही गोष्ट समाधानाची म्हणता येत नाही.

कुत्रे कोणाचे?

शहरातील वाचकाच्या मनात दोन वर्ग स्पष्ट असतात : साखळीला बांधलेले ते पाळीव आणि रस्त्यावरचे ते बेवारस. कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ही रेषा पुसट होते. मळ्यातल्या वस्तीवर राखणीला असलेला कुत्रा, धनगराच्या कळपामागून चालणारी कुत्री, गुऱ्हाळघरावरच्या काहिलीशेजारी ऊब घेत झोपणारी मादी, ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेले कुत्रे ही सारी कोणाची तरी असतात. त्यांना भाकरी मिळते, नाव असते, हाक मारली की ती येतात. मात्र त्यांना बांधले जात नाही, त्यांना लस टोचली जात नाही, आणि मादी व्याली की तिची पिल्ले कोणाचीच नसतात. नर पिल्लांना मागणी असते; मादी पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या गावी, मंदिराच्या पायथ्याशी वा महामार्गाच्या कडेला सोडून दिली जातात. सोडणाऱ्याला वाटते, येथे त्यांना कोणी तरी घास घालील. शहरातले मोकाट कुत्रे हे बऱ्याच अंशी अशा रीतीने घराच्या उंबरठ्यावरूनच रस्त्यावर आलेले असते. म्हणून पाळीव प्राण्याचे निर्बीजीकरण ही केवळ हौशी श्वानप्रेमींची बाब न राहता गावाच्या आरोग्याची बाब ठरते. केंद्र शासनाने 10 मार्च 2023 रोजी अधिसूचित केलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकण्यात आलेली असून, रस्त्यावरील कुत्र्यांचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले आहे.

एका मादीपासून सहा वर्षांत हजारो कुत्री निर्माण होतात, असे दाखविणारे तक्ते अनेक ठिकाणी लावलेले दिसतात. ते कागदावर खरे असले तरी प्रत्यक्षात फसवे आहेत, कारण जन्मलेली बहुतेक पिल्ले जगतच नाहीत. पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावर जन्मलेल्या 364 पिल्लांवर संशोधकांनी लक्ष ठेवले, तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत त्यांतील अवघी 19 टक्के जिवंत राहिली. वाहनाखाली चिरडणे, विष, मारहाण, उचलून नेणे, म्हणजे या ना त्या प्रकारे माणसाचा हात, हे निम्म्याहून अधिक मृत्यूंचे कारण होते. पिल्ले होऊ देणे ही भूतदया आणि न होऊ देणे हे पाप, असे मानणाऱ्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा.

मारून प्रश्न सुटला नाही

कुत्री मारण्याचा मार्ग नवा नाही आणि त्याचा अनुभव अल्पही नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उन्हाळ्याच्या महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याची सरकारी आज्ञा होती. 1832 साली ही मुदत जून महिन्यात वाढविण्यात आली, तेव्हा ज्यांच्या धर्मात श्वानाला पवित्र स्थान आहे त्या पारशी समाजाने कोट भागात उठाव केला, बाजार बंद पडले आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसदही काही काळ अडली. मद्रास महापालिकेने 1860 च्या सुमारास कुत्री पकडून मारण्याचा जो क्रम सुरू केला, तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. तेथील ब्लू क्रॉस या संस्थेच्या नोंदीनुसार अखेरच्या वर्षांत हा आकडा दिवसाला 135 कुत्र्यांपर्यंत गेला होता. सव्वाशेहून अधिक वर्षे मारूनही कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही हटला नाही. याच संस्थेने 1964 मध्ये मारण्याऐवजी निर्बीजीकरण करावे अशी सूचना महापालिकेपुढे ठेवली होती. ती संपूर्ण शहरासाठी स्वीकारली जाण्यास 1996 साल उजाडले.

मारणे निष्फळ का ठरते, याचे उत्तर कोल्हापूरच्या रस्त्यावरही सापडते. एखाद्या भागात किती कुत्री जगतील हे तेथे उघड्यावर पडणाऱ्या अन्नावर ठरते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे कौतुक सांगणाऱ्या या जिल्ह्यात मटण व कोंबडीच्या दुकानांमागे, मंगल कार्यालयांच्या मागील दारी आणि कुक्कुटपालन शेडजवळ टाकाऊ मांस व शिळे अन्न जोपर्यंत पडते आहे, तोपर्यंत दहा कुत्री हटविली तर शेजारच्या भागातली आठ तेथे येतात. ती नवखी असतात, आपसांत भांडतात, आणि त्यांना लस टोचलेली असण्याची शक्यता नसते. उरलेल्या माद्यांच्या पिल्लांना स्पर्धा कमी झाल्याने ती अधिक जगतात. याउलट निर्बीजीकरण झालेले, लस टोचलेले कुत्रे आपल्या जागी परत सोडले म्हणजे ते आपली हद्द राखते व परक्या कुत्र्याला शिरू देत नाही. पकडलेले कुत्रे त्याच ठिकाणी सोडावे हा जो नियम अनेक नागरिकांना अनाकलनीय वाटतो, त्याचे कारण हे आहे.

याला अपवाद करण्यात आले आहेत व ते ग्रामपंचायतींनी आणि विशेषतः शिक्षकांनी जाणून घेणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्याचे तत्त्व मान्य करताना पिसाळलेली, पिसाळल्याचा संशय असलेली व आक्रमक कुत्री त्यातून वगळली. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून पकडलेली कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवावीत आणि अशा आवारांना कुंपण घालावे, असे सांगण्यात आले.

जयपूर आणि गोवा

निर्बीजीकरणाचा परिणाम काळजीपूर्वक मोजण्यात आला तो जयपुरात. तेथे हेल्प इन सफरिंग या संस्थेने 1994 च्या अखेरीस काम सुरू केले आणि 2002 पर्यंत सुमारे 25 हजार कुत्र्यांवर शस्त्रक्रिया व लसीकरण केले. त्या भागातील 65 टक्के माद्यांचे काम पूर्ण झाले, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि कार्यक्रमाच्या क्षेत्रात माणसांतील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. पुढे याच शहरातील सरकारी रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या असता आणखी एक गोष्ट उघडकीस आली, आणि ती अधिक महत्त्वाची म्हटली पाहिजे. कुत्री चावण्याचे प्रमाण वर्षभर सारखे नसते. समागमाचा हंगाम ऐन भरात असतो त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी ते सर्वांत वाढते. हा काळ पिल्ले अंगावर पीत असण्याचा. म्हणजे चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये पिल्लांच्या रक्षणासाठी धावून येणाऱ्या आईचा वाटा मोठा असतो. निर्बीजीकरणाचे काम वाढत गेले तसे जयपुरात चाव्यांचे प्रमाणही उतरत गेले. जी मादी विणार नाही, तिला पिल्लांसाठी कोणाच्या अंगावर जाण्याचे कारण राहत नाही.

चंदगड तालुक्यापासून फार दूर नसलेल्या गोव्याचा अनुभव याला पूरक आहे. तेथे राज्य शासन व मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून भर दिला तो प्रामुख्याने लसीकरणावर. 2017 पासून तेथील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळू लागली, कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण 92 टक्क्यांनी घटले, 2014 साली 17 बळी घेणाऱ्या या रोगाने 2018 साली एकही बळी घेतला नाही, आणि 2021 मध्ये गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. यावरून कोणी म्हणेल, की मग शस्त्रक्रियेचा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर असे, की लस टोचलेली कुत्री मरतात आणि त्यांची जागा बिनलशीची पिल्ले घेतात. ही अदलाबदल जितकी जलद, तितके 70 टक्क्यांचे प्रमाण टिकविणे कठीण व खर्चाचे. लसीकरण रोगाला अडविते, निर्बीजीकरण ते लसीकरण टिकविते. शिवाय मोकाट कुत्रे माणसाच्या हाती निवांत लागते ते शस्त्रक्रियेच्या निमित्तानेच. लस टोचण्याची ती संधी दवडू नये.

शस्त्रक्रिया कशी होते

निर्बीजीकरण हा शब्द नवा असला तरी त्यामागील कल्पना शेतकऱ्याला परकी नाही. औताला जुंपावयाचा खोंड बडविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि आता ते काम पशुवैद्यकीय दवाखान्यात बर्डिझो चिमट्याने होते. मुंबई प्रांतात तर 1933 साली पशुधन सुधारणेचा कायदा करून निकृष्ट वळूंपासून पैदास होऊ नये अशी तजवीज करण्यात आली होती. गावात कोणता वळू फिरावा याचा विचार करणाऱ्या समाजाने कुत्र्यांच्या बाबतीत तो अजून केलेला नाही, एवढेच.

खोंडाच्या आणि कुत्रीच्या शस्त्रक्रियेत मात्र मोठा फरक आहे. नराचे वृषण काढून टाकले जातात. हे काम थोड्या वेळात होते. मादीच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन पोट उघडावे लागते आणि दोन्ही अंडाशये व गर्भाशय काढून टाकावे लागते. त्यासाठी निर्जंतुक उपकरणे, प्रशिक्षित पशुवैद्य आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ठेवण्यासाठी स्वच्छ, कोरडे पिंजरे हवेत. झाडाखाली शिबिर लावून उरकण्याचे हे काम नव्हे. घाईने केलेल्या शस्त्रक्रियेत टाके उसवून एक-दोन माद्या दगावल्या, की त्या गावात पुन्हा कोणी मादी आणून देत नाही, हे आयोजकांनी ध्यानात ठेवावे. परत सोडताना कानाला खूण केली जाते, त्यामुळे ते कुत्रे दुसऱ्यांदा पकडले जात नाही. सहा महिन्यांखालील पिल्लांना आणि अंगावर पाजणाऱ्या मादीला शस्त्रक्रियेसाठी पकडू नये.

घरच्या प्राण्यासाठी मालकाने करावयाचे ते थोडे आहे : आदल्या रात्रीपासून पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे अन्न बंद ठेवणे, नंतर दहा-बारा दिवस जखम चाटू न देणे व धावू न देणे. नराच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्याकडून गर्भधारणा होऊ शकते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तेवढा काळ त्याला बांधून ठेवावे.

साधने अपुरी असतील तर आधी माद्या घ्याव्यात. गावातील दहापैकी नऊ नरांवर शस्त्रक्रिया झाली तरी उरलेला एक नर गावातील बहुतेक माद्यांना पुरेसा असतो. उलट एक मादी कमी झाली, की दर वर्षी एक वेत निश्चित कमी होते.

प्राण्याला लाभ

निर्बीजीकरणाचा विचार नेहमी उपद्रवाच्या बाजूने होतो. प्राण्याचे हित त्यात मागे पडते. वय झालेल्या, शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू साठण्याचा विकार होतो आणि तो अनेकदा जिवावर बेततो. स्वीडनमध्ये विमा उतरविलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून असे आढळले, की दहा वर्षांच्या वयापर्यंत सुमारे एक-चतुर्थांश माद्यांना तो होतो. गर्भाशयच काढल्यावर हा धोका उरत नाही. स्तनांच्या गाठींचा धोकाही पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मादीत बराच कमी असतो, असे 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले. त्यातील नेमक्या प्रमाणाविषयी पुढील संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. समागमातून पसरणारा जननेंद्रियाचा अर्बुद रस्त्यावरच्या कुत्र्यांत वारंवार आढळतो. समागमच न झाल्यास तो पसरण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. नराच्या बाबतीत माजावरील मादीच्या मागे भटकणे, रस्ता ओलांडताना वाहनाखाली सापडणे आणि भांडणातील जखमा कमी होतात.

मांजरांचा उल्लेख येथे थोडक्यात केला तरी पुरे. मांजरी चार-सहा महिन्यांची असतानाच माजावर येते व वर्षातून दोन-तीन वेळा विते; म्हणून तिच्या बाबतीत उशीर करू नये.

याला दुसरी बाजू आहे. शस्त्रक्रियेनंतर प्राण्याची अन्नाची गरज घटते; पूर्वीइतकेच खाऊ घातले तर तो लठ्ठ होतो. मोठ्या अंगाच्या जातींत फार लहान वयात शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढू शकतात, म्हणून अशा कुत्र्यांसाठी वय पशुवैद्याने ठरवावे. परंतु निर्बीजीकरणाने कुत्रा राखण करीत नाही, हा समज निराधार आहे. घराची हद्द राखणे हा त्याचा स्वभाव आहे आणि तो अंडकोशावर अवलंबून नाही. मादीला एकदा तरी पिल्ले झाली पाहिजेत, नाही तर तिची प्रकृती बिघडते, या समजुतीलाही पशुवैद्यकात आधार नाही.

धर्मभावनेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नृसिंहवाडीला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्या भाविकाने दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान पाहिलेले असतात. घासातला घास कुत्र्याला घालणे हे त्याला पुण्यकर्म वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. गावातल्या मादीला रोज भाकरी घालणारी व्यक्तीच तिला विश्वासाने पकडून देऊ शकते. महापालिकेच्या जाळीला जे कुत्रे तासभर सापडत नाही, ते तिच्या हाकेला एका क्षणात येते. तेव्हा अन्न घालणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा त्यांना या कामात सामील करून घेणे अधिक शहाणपणाचे होय.

पंचायतींनी काय करावे

एकट्या ग्रामपंचायतीला शस्त्रक्रियेची व्यवस्था उभी करणे परवडणार नाही. पंचायत समितीच्या पातळीवर दहा-पंधरा गावांनी एकत्र येऊन एका केंद्राची व वाहनाची सोय करणे व्यवहार्य ठरेल. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून करून घ्यावे. गावाच्या पातळीवर तीन कामे मात्र फार खर्चाविना होण्यासारखी आहेत. घरोघर जाऊन कुत्र्यांची नोंद करणे, त्यात नर, मादी, लस व शस्त्रक्रिया हे चार रकाने ठेवणे. मांसविक्रेत्यांच्या व मंगल कार्यालयांच्या टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावणे. आणि दर वर्षी गावातील सर्व कुत्र्यांना, पाळीव असोत वा मोकळी, लस टोचून घेणे. दुभत्या जनावरांवर ज्यांचा संसार चालतो त्या जिल्ह्यात हे सांगणे अधिक अगत्याचे, कारण पिसाळलेले कुत्रे गोठ्यातल्या म्हशीलाही चावते.

शिक्षकांचा वाटा वेगळा आहे. जगात संशयित कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, आणि मूल मार बसेल या भीतीने चावा लपविते. व्यालेल्या मादीजवळ जाऊ नये, चावा किंवा ओरखडा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा, त्यावर तिखट वा चुना लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे, हे वर्गात वारंवार सांगितले पाहिजे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ मागे पडला आहे. ती जुनी लस देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर थोड्याच मात्रा घ्याव्या लागतात, परंतु त्या ठरलेल्या दिवशीच घ्याव्या लागतात; जखम खोल असल्यास त्यांच्या जोडीला जखमेत प्रतिपिंडांचे औषधही टोचावे लागते.

कामाच्या वेळापत्रकाविषयी एक सूचना. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असल्याने शिबिरे बहुधा त्या सुमारास भरविली जातात. लसीकरणाला तो दिवस चालतो; निर्बीजीकरणाला मात्र उशीर झालेला असतो, कारण तोवर भाद्रपद सरत आलेला किंवा सरलेला असतो आणि बऱ्याच माद्या गाभण राहिलेल्या असतात. आषाढात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत पाऊस इतका असतो, की जखमा कोरड्या राखणे अवघड जाते. जिल्ह्याच्या पूर्व भागातील गावांत ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर साजरा होतो आणि बैलांची शिंगे रंगवली जातात. त्या सणापर्यंत गावातील माद्यांच्या शस्त्रक्रिया आटोपतील अशा बेताने पशुवैद्यकीय दवाखान्याकडे मागणी नोंदवावयाची, तर घरोघरची नोंद चैत्रातच पूर्ण व्हावयास हवी.